गाईड छापण्याआधी एकदा कामावर नेऊन बघा

प्रति,
मराठीत गाईड, मार्गदर्शिका आणि हँडबुकं लिहिणारे, छापणारे, विकणारे सगळे

नमस्कार,

मी नाशिकला अंबड एमआयडीसीत एका छोट्या मशीन शॉपमध्ये सुपरवायझर आहे. बायको त्र्यंबक तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे आणि पोरगी यंदा दहावीला. म्हणजे तुमच्या कव्हरवर "विद्यार्थी, शिक्षक व नोकरदारांसाठी अत्यंत उपयुक्त" असं जे छापलेलं असतं ना, ती तिन्ही गिऱ्हाईकं आमच्याकडे रोज एकाच ताटाभोवती बसतात. त्यामुळे तुमची पुस्तकं घरात भरपूर येतात, एमजी रोडवरून येतात, अशोक स्तंभाकडून येतात, शाळेत पिशवी घेऊन फिरणाऱ्या एजंटकडून येतात, आणि आल्यावर काय होतं ते तुम्हाला कोणी सांगत नाही म्हणून हे पत्र.

तक्रार एकच आहे. पुस्तकावर "प्रॅक्टिकल" लिहिलेलं असतं पण ते पुस्तक समोर ठेवून कोणी ते काम करून बघितलंय असं वाटत नाही. छापायच्या आधी एकदा, फक्त एकदा, ज्याला ते काम येत नाही अशा माणसाच्या हातात पुस्तक द्या, शेजारी गप्प उभे राहा आणि तो कुठे अडतो ते बघा. एवढंच मागणं आहे, बाकीचं सगळं त्याचंच एक्स्प्लेनेशन समजा.

आमच्याकडचंच सांगतो. आयटीआयमधून पोरं येतात अप्रेंटिस म्हणून, हुशार असतात, सीएनसीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचं, मराठी गाईड बॅगेत असतं. आता समजा २५ मिमीचा शाफ्ट चाललाय, टॉलरन्स प्लस मायनस ०.०२, आणि पोराने मायक्रोमीटर लावला तर साइज आली २५.०४. म्हणजे जॉब मोठा निघतोय, इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) झिजतोय, करेक्शन द्यायचंय. पोरगं गाईड उघडतं तर पहिलं प्रकरण सीएनसीचा इतिहास, १९५२ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये पहिलं प्रात्यक्षिक झालं वगैरे वगैरे, दुसरं प्रकरण फायदे व तोटे, मग आकृत्या, मग जी कोडची यादी, एम झिरो थ्री म्हणजे स्पिंडल चालू, एम झिरो फाइव्ह म्हणजे बंद, एम थर्टी म्हणजे प्रोग्रॅम संपला. सगळं बरोबर आहे हो, एक अक्षर चुकीचं नाही. पण त्या पोराला आत्ता, या मिनिटाला, पुढचा जॉब लागायच्या आधी जे हवंय ते एवढंच आहे की मशीनच्या स्क्रीनवर ऑफसेटच्या पानावर जा, जॉमेट्री म्हणजे टूलच्या मूळ मापांना हात लावू नको, वेअर म्हणजे झिजेच्या रकान्यात ज्या टूलने ओडी, म्हणजे बाहेरचा व्यास, मारलाय त्याच नंबरवर कर्सर ठेव, एक्समध्ये मायनस ०.०४ दे आणि ते इनपुट प्लसने दे म्हणजे आधी भरलेल्या आकड्यात ते मिळवलं जाईल, साधं इनपुट दाबलं तर आधीचा आकडा पुसून नवा बसेल. लेथवर एक्स बहुतेक ठिकाणी व्यासावर चालतो म्हणून ०.०४ चं निम्मं करायचं नाही. मायनसच्या जागी प्लस दिलं तर पुढचा जॉब २५.०८ येईल, तो परत घेता येतो. टिंब सरकून ०.०४ चं ०.४ झालं तर २४.६४, तो गेला भंगारात. आणि काही मशीनवर टिंब दिलंच नाही तर नुसते १० म्हणजे दहा मिलिमीटर नाही, मशीन ते मायक्रॉन धरतं, हे तर कुठल्याच मराठी गाईडमध्ये माझ्या बघण्यात नाही आणि पोरं हेच सगळ्यात जास्त विचारतात.

हे एक पान आहे. एक पान. पण ते तोच लिहू शकतो जो रात्री दीड वाजता मशीनपाशी उभा राहिलाय, किंवा निदान ज्याने उभा राहिलेल्या माणसाला शेजारी बसवून चार तास प्रश्न विचारलेत.

पुस्तकाचं अंगच बघा ना. जाड, गमने चिकटवलेली बांधणी, उघडून ठेवलं की आपोआप मिटतं, हाताला कूलंट लागलेलं असतं त्यामुळे पान उलटायला नाकाने उलटावं लागेल. मशीन सेट करणाऱ्याच्या खिशात मावेल असं, स्पायरलवालं, मोठ्या अक्षरातलं, पुसता येईल अशा कागदावरचं पंचवीस तीस पानांचं काहीतरी काढा की. तुम्ही म्हणाल आता सगळे मोबाईलवर बघतात. बघतात, आणि हिंदी व्हिडिओच बघतात कारण मराठीत फार काही मिळत नाही, पण बऱ्याच कंपन्यांत मोबाईल गेटवर जमा करावा लागतो किंवा मशीनवर वापरायला बंदी असते, म्हणजे तिथे कागदाला आजही कॉम्पिटिशन नाही. आयती जागा रिकामी आहे आणि तुम्ही तिथे निबंध पाठवताय.

दुसरं, पगाराची स्लिप. आमच्या शॉपमध्ये महिन्याच्या सात तारखेनंतर जो तो माझ्याकडे स्लिप घेऊन येतो. प्रश्न ठरलेला: साहेब पीएफचे माझे १८०० कापले आणि कंपनीपण तेवढेच भरते म्हणता मग पासबुकात कंपनीचे ५५०च का दिसतात, बाकीचे कोणी खाल्ले? कोणी खाल्लेले नाहीत. बेसिक आणि डीए मिळून १५,००० धरले तर १२ टक्क्याने कामगाराचे १८०० जातात, कंपनीचेही १८००च, पण कंपनीच्या वाट्यातले ८.३३ टक्के म्हणजे १२५० पेन्शनच्या खात्यात वळतात आणि उरलेले ५५० पीएफला. ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, तसंच, कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५, म्हणजे १८,००० च्या पगाराला कामगाराचे १३५ रुपये. प्रोफेशनल टॅक्स दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, म्हणून फेब्रुवारीत दरवर्षी भांडण. आता हे समजावून सांगणारं पुस्तक शोधायला गेलो तर कामगार कायद्यांची मार्गदर्शिका मिळाली, त्यात सुरुवातीला काय, तर भविष्य निर्वाह निधी कायदा १९५२ ची पार्श्वभूमी. १९५२ सालाने आपल्या लेखकांवर काय जादू केलीये देव जाणे, सीएनसी घ्या नाहीतर पीएफ घ्या, सुरुवात तिथूनच.

एक स्लिप छापा ना. अख्खी, खरी वाटेल अशी, आकडे टाकलेली, आणि प्रत्येक ओळीला बाण काढून शेजारी दोन वाक्यं लिहा. कंपनी सोडल्यावर फॉर्म १९ कशाचा आणि १०सी कशाचा, नोकरीत असताना ॲडव्हान्स काढायचा तर ३१, आधारवर नाव आणि यूएएनवर, म्हणजे पीएफच्या नंबरवर, नाव वेगळं असलं तर क्लेम अडकतो तो कसा सोडवायचा. आमच्याकडे आधारवर वडिलांचं नाव मध्ये आहे आणि पीएफला नाही, एवढ्यावरून महिनोन्‌महिने लटकलेली माणसं आहेत.

आता बायकोच्या कपाटाकडे येतो. शिक्षकांसाठी सगळ्यात जास्त काय खपतं माहितीये का, वर्णनात्मक नोंदींची पुस्तकं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, शिक्षण हक्क कायद्यानंतर सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, आकारिक आणि संकलित, आणि प्रत्येक पोराबद्दल विषयवार नोंद लिहायची असते की त्याला काय येतं, काय जमत नाही. कल्पना चांगलीच होती. मग तुम्ही काय केलंत तर तयार नोंदींची पुस्तकं काढली, "परिपाठात सहभाग घेतो", "शब्दांचे स्पष्ट उच्चार करतो", "गटात मिळून मिसळून राहतो", अशा शेकड्याने ओळी, इयत्तावार, विषयवार, आणि आता पीडीएफ पण फिरतात. शिक्षक तरी काय करणार, त्यांना पोरं शिकवून झाल्यावर पोषण आहाराचा हिशोब आहे, शाळेची यू-डायसची सरकारी माहिती भरायची आहे, निवडणुका आल्या की मतदारयादीचं बीएलओचं काम आहे, तो समोरची ओळ उचलतो आणि लिहितो. त्यामुळे पेठ तालुक्यातल्या आदिवासी पाड्यावरच्या पोराचीही नोंद तीच आणि नाशिक शहरात कॉलेज रोडच्या पोराचीही तीच. मी शिक्षकांना नावं ठेवत नाहीये हां, त्यांच्यावर लादलेलं काम झटपट उरकायची सोय तुम्ही करून दिलीत आणि ते त्यांनी घेतलं, सरळ आहे.

पण त्याच शिक्षकाला खरोखर अडतं कुठे? दोन शिक्षकी शाळा. पहिली ते चौथी, चार वर्ग, दोन माणसं, त्यातला एक मीटिंगला पंचायत समितीत गेला की एकच. पहिलीला अक्षरं गिरवायची आहेत आणि त्याच खोलीत चौथीला भागाकार. साडेदहा ते अकरा पहिलीला नेमकं काय देऊन बसवायचं की ती अर्धा तास बाईंशिवाय चालेल? चौथीतली कोणती पोरं पहिलीला वाचून दाखवायला बसवायची आणि ती रोज तीच तीच होऊ नयेत म्हणून काय करायचं? फळा दोन भागात कसा वापरायचा? घरी पावरी किंवा कोकणा आदिवासींची कोकणी बोलणारं पोरगं पहिल्या आठवड्यात काहीच बोलत नाही तेव्हा काय करायचं? याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात आणि हे वर्षानुवर्षं करणारे शिक्षक याच जिल्ह्यात सुरगाण्यात, पेठला, हरसूलच्या पट्ट्यात ढिगाने आहेत. त्यांच्यातल्या चारपाच जणांना एकत्र बसवा, त्यांना मानधन द्या, एका आठवड्याचा त्यांचा खरा दिनक्रम तासवार लिहून घ्या. बीएडच्या नोट्समधून उचललेल्या "बहुवर्ग अध्यापनाचे महत्त्व" च्या बारा मुद्द्यांपेक्षा ते कितीतरी जास्त खपेल, लिहून देतो.

पोरीचं प्रकरण थोडक्यात सांगतो कारण दहावीच्या गाईडवर सगळ्यांनी आधीच खूप बोलून झालंय. फक्त एक गोष्ट. विज्ञानाच्या प्रयोगांची तयार वही मिळते, निरीक्षणं भरलेली. बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर काढायचा प्रयोग, वहीत भिंगाचं नाभीय अंतर दहा सेंटिमीटर आलेलं छापलंय, आणि वर्गातल्या सगळ्या पोरांनी दहा लिहिलं. शाळेतलं भिंग दुसरंच आहे, मोठं. घरी आणलं होतं तिने, गॅलरीच्या समोरच्या भिंतीवर लांबच्या बिल्डिंगची उलटी इमेज पाडली आणि फूटपट्टी लावली, वीसच्या आसपास आलं, दोन मिनिटांचं काम. मला त्या तयार वहीचा लेखक भेटला तर एवढंच विचारायचंय की निरीक्षणाचे रकाने रिकामे ठेवले असते तर शाईपण वाचली असती, मग भरले कशाला?

मी काही अशक्य मागत नाहीये कारण चांगली कामाची माहिती कशी लिहायची याचा नमुना नाशिकच्या पाचपन्नास किलोमीटरमध्येच आहे. दिंडोरी, निफाडकडे कोणत्याही द्राक्षबागायतदाराच्या पंपघरात जा. भिंतीवर चार्ट लावलेला असतो. त्यावर द्राक्षाचा इतिहास नसतो. त्यावर दिवस असतात, आणि ते पण तारखेचे नाही, छाटणीपासूनचे. ऑक्टोबर छाटणी झाली की पहिल्या दुसऱ्या दिवशी पेस्ट, मग डोळे फुगणं, पोंगा, मग फेलफुटी काढणं, मग फुलोरा, सेटिंग, डिपिंग, मणी पाणी भरणं, प्रत्येक टप्प्याला कशाची भीती, डाऊनी की भुरी या बुरशीची, काय मारायचं, किती लिटरला किती, आणि शेवटचा फवारा काढणीच्या किती दिवस आधी बंद करायचा, कारण एक्स्पोर्टचा माल असेल तर रेसिड्यू, म्हणजे औषधाचा उरलेला अंश, तपासला जातो आणि तिथे थापा चालत नाहीत. एकाने १० तारखेला छाटली आणि शेजाऱ्याने २५ ला, दोघांनाही तोच चार्ट चालतो कारण मोजणी कामाच्या दिवसापासून आहे. वाचणारा आत्ता कुठे उभा आहे तिथून ते सुरू होतं. हाच हिशोब सीएनसीला लावा, हाच नवीन लागलेल्या शिक्षकाला लावा: रुजू झाल्याचा पहिला दिवस, पहिला आठवडा, पहिली केंद्र परिषद, पहिली चाचणी. चार्ट चुकला तर बागायतदार औषध कंपनीच्या माणसाला बांधावर उभं करून झाडतो, हेही त्याच्या चांगलं असण्याचं एक कारण आहे म्हणा. तुम्हाला बांधावर कोणी बोलवत नाही.

आणि स्वतः शिकायचं पुस्तक कसं लिहायचं हे बघायचं असेल तर नाशिकजवळ गोवर्धनला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहेच. १९८९ पासून तिथे दूरस्थ शिक्षण चालू आहे, समोर शिक्षक नाही असं गृहीत धरून पुस्तकं लिहायची पद्धत आहे: आधी या घटकातून तुम्हाला काय येईल ते सांगायचं, मग थोडं शिकवायचं, मग मध्येच स्वतःला तपासायला प्रश्न, त्यांची उत्तरं मागे. सगळीच पुस्तकं भारी आहेत असं माझं म्हणणं नाही, काही एकदम कोरडी आहेत, पण वाचणारा एकटा बसलाय हे लिहिणाऱ्याच्या डोक्यात होतं ते कळतं.

आता तारखेचा विषय, आणि इथे मला खरंच राग आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, जुन्या भारतीय दंड संहितेची, म्हणजे आयपीसीची, ५११ कलमं जाऊन ३५८ आली, ३०२ चं १०३ झालं, ४२० चं ३१८ झालं. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्याचे स्लॅब गेले, मुख्यतः ५ आणि १८ राहिले. २१ नोव्हेंबर २०२५ ला चार कामगार संहिता लागू झाल्या. एवढी उलथापालथ झाली आणि दुकानात "नवीन सुधारित आवृत्ती" म्हणून जे उभं आहे ते उघडून बघितलं तर आत जुनंच, फक्त कव्हरचा रंग बदललाय आणि किंमत वाढलीये. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणतो कंपनीने हेच पाठवलं. आमच्या बिल्डिंगमधला एक पोलीस खात्यातला मुलगा खात्याच्या परीक्षेला बसतोय, तो जुन्या कलमांचं पुस्तक हातात घेऊन नवीन कलमं पेनने शेजारी लिहीत बसलाय. म्हणजे संपादकाचं काम गिऱ्हाईक करतंय आणि पैसेही तोच देतोय. जुना साठा विकायचाय हे समजू शकतो, कागद महाग आहे, गोडाऊनमध्ये माल पडून परवडत नाही. मग कव्हरवरच, आतल्या पानावर बारीक अक्षरात नाही, कव्हरवर लिहा: या पुस्तकातली माहिती अमुक महिना अमुक साल पर्यंतची. आणि बदल झाला तर चार पानांची पुरवणी काढा, दहा रुपयाला विका, नाहीतर क्यूआर कोड द्या. बालभारतीसारखी सरकारी संस्था जर पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ फुकट देऊ शकते आणि पुस्तकात क्यूआर कोड छापू शकते तर तुम्हाला चार पानं टाकायला काय जड आहे.

शेवटचं एक बारकं, पण रोज छळणारं. मागे सूची नसते. पाचशे पानांचं पुस्तक, अनुक्रमणिकेत वीस प्रकरणं, आणि मला फक्त ग्रॅच्युइटी कशी मोजतात ते बघायचंय तर मी काय अख्खं प्रकरण वाचू? कामाचं पुस्तक कोणी पहिल्या पानापासून वाचत नाही हो, माणूस अडला की उघडतो आणि सुटला की मिटतो. मागे अकारविल्हे दहा पानं टाका, ग्रॅच्युइटी पान अमुक, गॅप सर्टिफिकेट पान अमुक. आणि ईबुक काढत असाल तर कृपा करून युनिकोडमध्ये काढा, जुन्या फॉन्टमध्ये टाईप करून बनवलेल्या पीडीएफमध्ये मराठी शब्द शोधला तर काहीच सापडत नाही, कॉपी केलं तर चायनीज वाटावं असं काहीतरी पेस्ट होतं. युनिकोड येऊन किती वर्षं झाली.

मला माहितीये तुमचं उत्तर काय असणार. मराठीत परीक्षेचंच पुस्तक खपतं, कामाचं कोण विकत घेतो. अहो पण तुम्ही कामाचं पुस्तक कामाच्या ठिकाणी विकायला कधी आलात का? अंबड, सातपूर, सिन्नर धरलं तर शिफ्ट सुटताना गेटवर जी गर्दी असते तिथे वडापाव विकला जातो, हप्त्यावर मोबाईल विकले जातात, विम्याचे एजंट उभे असतात, पुस्तकवाला मी एकदाही बघितला नाही. पंचायत समितीत पगारपत्रकाच्या दिवशी शिक्षक जमतात, तिथे तुमचा एजंट नोंदींचंच पुस्तक घेऊन येतो. आधी दाखवा तर खरं, मग म्हणा घेत नाहीत.

तर ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी ऑफर अशी. तुमच्या सीएनसीच्या किंवा मोजमापाच्या पुस्तकाचं कच्चं पान असेल, टाईप केलेलं, झेरॉक्स, कसंही, ते घेऊन या. मालकांशी बोललोय, सेकंड शिफ्टला एक मशीन तासभर रिकामं देतो म्हणाले. नवीन अप्रेंटिस उभा करतो, पान त्याच्या हातात देऊ, तुम्ही आणि मी लांब स्टुलावर बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. पीएफच्या पानासाठी मशीनची गरज नाही, कँटीनमध्ये जेवणाच्या सुट्टीत पाच जण बसवतो, त्यांची स्वतःची स्लिप त्यांच्या हातात असेल. शिक्षकांच्या पुस्तकासाठी बायको म्हणते शनिवारी सकाळची शाळा असते, दहानंतर केव्हाही या, फक्त येताना भरलेल्या नोंदी आणू नका. चहा आमच्याकडून. त्या अप्रेंटिसला मात्र त्याच्या तासाचे पैसे तुम्ही द्यायचे, आणि पुस्तकात त्याचं नाव तपासणारा म्हणून छापायचं.

कळावे,
अंबडचा एक सुपरवायझर
नाशिक